पासवर्ड वेगळ्या मेलने

२ एप्रिल २०१८, सोमवार

आज नोकरीचा पहिला दिवस झाला, आणि ही नवी वही उघडली.

शनिवारी सादो बेटाहून बोटीने आले. बंदरावर बाबांनी तिकीट तपासणाऱ्यालासुद्धा थांबवून सांगितलं की आमची कानाए कंपनीत सर्व्हर सांभाळणार आहे. सर्व्हर म्हणजे काय हे बाबांना माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नसावं. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. बाबा माकूळ पकडतात, आई मासळी बाजारात पेट्या तपासते. उसुकींच्या घरात विद्यापीठाची पायरी चढलेली मी पहिली. माझं पदवीचं प्रमाणपत्र आईने पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारी टांगलंय, आणि रोज त्याला ताजा भात दाखवते असं धाकटी बहीण सांगत होती.

कंपनीचं नाव हिरासे धातुकाम. चमचे, काटे, सुऱ्या. माझ्यासकट चौसष्ट माणसं. दारातच बुटांचं मोठं लाकडी कपाट आहे. बाहेरचे बूट खणात ठेवायचे आणि सपाता घालून आत जायचं. माझ्या खणावर नावाची पट्टी आधीच चिकटवलेली होती, सुंदर अक्षरात. ते अक्षर सावातारी-सानचं. त्या विक्री विभागात ऑर्डरी घेतात, पन्नाशीच्या असतील. घरी एक आई आहे, तिला आता लेकीशिवाय कुणी ओळखू येत नाही, असं त्यांनी ओळख होताच हसत सांगितलं. दुपारी स्वतःच्या डब्यातली गोड अंड्याची वडी माझ्या झाकणात टाकली आणि म्हणाल्या, बेटातली मुलगी इतकी बारीक असेल तर वाऱ्याने परत जाशील.

आमचे विभागप्रमुख एबिहारा-काचो प्रत्येक मेल कागदावर छापतात, त्यावर आपला शिक्का मारतात आणि मगच वाचतात. त्यांनी काम समजावलं. आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला जूनअखेर लेखी हमी हवी आहे की आमच्याकडून येणारी प्रत्येक मेल अँटिव्हायरसने तपासलेली असते. हे काम आधी निवा-सान करत होते, ते फेब्रुवारीत गेले. काचो म्हणाले, फार पराक्रम करू नकोस, चालू करून दे म्हणजे झालं.

पराक्रम नाही, पण काम नीट करणार आहे.

५ एप्रिल, गुरुवार

सर्व्हर मागच्या सामानाच्या खोलीत आहे, नमुन्याच्या चमच्यांच्या खोक्यांमध्ये. खोलीला खिडकी नाही. निवा-सानच्या टिपणांची एक फाइल मिळाली. फार व्यवस्थित माणूस असणार. शेवटची काही पानं मात्र कापून काढलेली आहेत, पट्टी लावून.

अँटिव्हायरस बसवलेलाच होता, फक्त बंद ठेवला होता. मी चालू केला. व्हायरसांची यादी दर तासाला ताजी होईल असं केलं. पंचवीस मेगाबाइटच्या वरच्या फाइली तो न बघताच सोडत होता, ती मर्यादा वाढवली, कारण साच्यांची रेखाचित्रं त्याहून मोठी असतात. मग तपासणीसाठी असते ती निरुपद्रवी नमुना फाइल स्वतःलाच पाठवली. दोन सेकंदांत पकडली! एकटीच टाळ्या वाजवल्या.

मला हे काम आईच्या कामासारखं वाटतं. पेटी आली की झाकण उघडायचं, कल्ले बघायचे, वास घ्यायचा. चांगली असेल तर पुढे, नाहीतर बाजूला. बाजूला म्हणजे विलगीकरणाच्या कप्प्यात. तिथे गेलेली मेल कुणालाच मिळत नाही, मी सोडेपर्यंत.

अडचण एकच. आमच्याकडे फाइल कधीच उघडी पाठवत नाहीत. आधी कुलूपबंद फाइलची मेल जाते, शेवटी लिहिलेलं असतं, पासवर्ड वेगळ्या मेलने पाठवत आहोत. दोन मिनिटांनी त्याच माणसाला, त्याच वाटेने पासवर्ड जातो. म्हणजे घराला कुलूप लावायचं आणि किल्ली पुढच्याच टपालाने त्याच पत्त्यावर धाडायची! आणि पासवर्ड सगळ्या कंपनीचा एकच: फोनचे शेवटचे चार आकडे, पुढे चालू वर्ष. दर जानेवारीत फक्त वर्ष बदलतं. कुरियरवाल्यालाही पाठ असेल.

मी हसले तर सावातारी-सान म्हणाल्या, हस बाई, शिकलेली आहेस. पण फाइल धाडून पासवर्ड दिला नाही तर समोरचा ताटकळतो. कुणाला ताटकळत ठेवण्यासारखी दुसरी असभ्यता नाही.

अँटिव्हायरसला कुलूपबंद फाइलच्या आत बघता येत नाही. निवा-सानने त्याला सांगून ठेवलं होतं: कुलूपबंद असेल तर न तपासता सोडून दे. म्हणजे दहापैकी सात पेट्या झाकणासकट पुढे!

११ एप्रिल, बुधवार

काचोंपुढे माझी योजना ठेवली. कुलूपबंद फाइल आली की सर्व्हरने ती कप्प्यात थांबवायची. मागून पासवर्डची मेल आली की तिच्यातला पासवर्ड घेऊन फाइल उघडायची, तपासायची आणि दोन्ही मेल पुढे पाठवायच्या. फार तर तीन मिनिटांचा उशीर.

काचो बराच वेळ शिक्क्याच्या डबीचं झाकण उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, कुलूपबंद असतील त्यांना हात लावू नकोस. मी विचारलं का. गिऱ्हाइकांना उशीर आवडत नाही. मी म्हटलं, तीनच मिनिटं. तर म्हणाले, उसुकी-सान, निवाच्या टिपणात जसं आहे तसंच ठेव.

मी हमीचा मजकूर वाचून दाखवला. ‘प्रत्येक’ मेल असं त्यात लिहिलंय. दहापैकी सात सोडून प्रत्येक कसं लिहायचं? खोटं लिहायला मी एवढी शिकले नाही, हे मात्र मनातच ठेवलं. शेवटी ते म्हणाले, महिनाअखेर बघू. बाहेर आले तर विक्री विभागातले सगळे एकदम आपापल्या पडद्याकडे वळले.

पॉलिश विभागातले म्हातारे त्सुबोई-सान चहाच्या यंत्रापाशी भेटले. म्हणाले, चार वर्षं कॉलेजात जाऊन काम काय मिळालं, तर दुसऱ्यांची पत्रं हुंगायचं. आमच्या लहानपणी हे काम कुत्रं करायचं, आणि तेही प्रत्येक गोष्ट हुंगत नसे.

१८ एप्रिल, बुधवार

काचो काहीतरी लपवत आहेत. कुलूपबंद फाइलींतून साच्यांची रेखाचित्रं बाहेर जात असतील का? म्हणून जुन्या नोंदी वाचायला घेतल्या. सर्व्हरवर तीन वर्षांच्या आहेत.

बाहेर जाणाऱ्यांत काही गैर दिसलं नाही. पण आतल्या आत जाणाऱ्या सात मेल विचित्र आहेत. त्यांत पाठवणारा आणि घेणारा एकच: माणसाने स्वतःच्या पत्त्यावरून स्वतःलाच कुलूपबंद फाइल पाठवलेली. अशा फाइलीच्या आतलं वाचता येत नसलं तरी आत काय आहे त्याचं नाव दिसतं, पेटीवरच्या चिठ्ठीसारखं. सातही ठिकाणी तोच प्रकार. आम्ही निघताना रोजचा अहवाल लिहितो, तोच. शेवटचं नाव असं: ‘रोजचा अहवाल, निवा, २२ फेब्रुवारी’.

ही मेल आली १९ फेब्रुवारीला.

तीन दिवसांनंतरचा अहवाल आधीच? सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल म्हणून तपासलं. घड्याळ बरोबर आहे. उरलेल्या सहांतही तारीख पुढचीच, कुठे तीन दिवस, कुठे सात. आणि त्या तारखेनंतर त्या पत्त्यावरून एकही मेल गेलेली नाही. सातही नावं आजच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत नाहीत.

चोरी करायची, फाइलला साधं नाव द्यायचं, तारीख ठरवायची आणि त्या दिवशी नोकरी सोडायची. सात जणांनी? आणि काचोंना हे माहीत आहे.

२० एप्रिल, शुक्रवार

निवा-सान का गेले, हे सहज म्हणून तिघांना विचारलं. एकाने सांगितलं तब्येत. दुसऱ्याने सांगितलं, नागाओकाला चांगली नोकरी लागली. सावातारी-सान म्हणाल्या लग्न, आणि हातातली ऑर्डर उलटी धरून वाचत राहिल्या. त्सुबोई-सानना विचारलं तर म्हणाले, माणसाला कशाला विचारतेस, बुटांच्या कपाटाला विचार.

दुपारच्या सुट्टीत विचारलं. सगळ्यांत वरच्या ओळीत सात खण बिननावाचे आहेत. पट्ट्या ओरबाडून काढल्याच्या खुणा आहेत. स्टुलावर चढून झाकणं उघडली. सातही खणांत बाहेरचे बूट होते. एक बायकांचा उन्हाळी सँडलचा जोड. शेवटच्या खणात बर्फातले उंच बूट, आत लोकरी मोजे, घडी करून.

२२ फेब्रुवारीला इथे गुडघाभर बर्फ होतं. सपाता घालून कोण घरी जातं?

२६ एप्रिल, गुरुवार

आज कुलूपबंद फाइली थांबवणं चालू केलं. काचोंनी परवानगीच्या कागदावर शिक्का मारला, पण तिरका, खाली मान घातल्यासारखा. बहुतेक गिऱ्हाइकाच्या दोन फोननंतर त्यांचा नाइलाज झाला असावा.

उत्तम चाललंय. सकाळपासून एकेचाळीस फाइली थांबल्या, उघडल्या, तपासल्या, पुढे गेल्या. दुपारी खरोखरचा एक व्हायरस सापडला! जहाजाच्या पावतीच्या नावाखाली आलेला, कुलूपबंद, सोबत सभ्य भाषेत पासवर्ड. निवा-सानच्या पद्धतीने तो थेट आत आला असता. सावातारी-सानने सगळ्या विभागात बांबूच्या पानातले लाडू वाटले आणि जाहीर केलं की आता आपल्या दारात सादोची मांजर बसली आहे. सगळे हसले. मी घरी फोन करून सांगितलं. बाबांनी विचारलं, केवढा होता?

७ मे, सोमवार

मेच्या सलग सुट्टीत घरी जाऊन आले. आज सकाळी कप्पा उघडला तर एक फाइल पासवर्डची वाट बघत पडलेली.

पाठवणारा सावातारी. घेणारा सावातारी. ‘रोजचा अहवाल, सावातारी, ११ मे’.

ती ४ मेला आलेली आहे. त्या दिवशी कंपनीला कुलूप होतं, सगळे संगणक बंद, इमारतीची वीजही सर्व्हरपुरतीच चालू. बाहेरून कुणी जोडलं गेल्याची नोंद नाही.

म्हणजे त्या? ज्यांनी मला पहिल्या दिवशी जेवण वाढलं? दिवसभर त्यांच्याकडे बघत राहिले. फोनवर हसतात, गिऱ्हाइकाला न दिसणारे नमस्कार करतात. चोर असं हसतात का? चारला न राहवून विचारलं, सावातारी-सान, सुट्टीत तुम्ही स्वतःला अहवाल पाठवलात का?

त्यांनी फोन खाली ठेवला. चेहऱ्याचा रंग असा गेला की मीच त्यांची खुर्ची धरली. त्यांनी एकच विचारलं: पासवर्ड आला का?

नाही म्हटलं. माझं मनगट त्यांनी दोन्ही हातांत धरलं. म्हणाल्या, मग ती तुझ्याकडेच राहू दे. कानाए-चान, सोडू नकोस. माझ्यामागे आईला कुणी नाही.

८ मे, मंगळवार

काचोंनी बैठकीच्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. त्यांना कळलेलं होतं. म्हणाले, सावातारीची फाइल सोडून दे. मी म्हटलं, तपासल्याशिवाय नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

पहिली मेल कुणी पाठवत नाही. ती येते. दुसरी मात्र आपल्यापैकीच कुणीतरी द्यावी लागते. पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे, पण माहीत असून उपयोग नाही, तो त्या माणसाला कुणीतरी द्यायला हवा. दिला की त्या तारखेला तो माणूस नसतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा सगळ्यांनी ठरवून महिनाभर दिला नव्हता. मग प्रत्येकाला आठवणीची पत्रं यायला लागली, दिवसभर, आणि महिन्याच्या शेवटी एका नावाच्या जागी फाइलीत तीन नावं होती. तेव्हापासून फाइल आली की कुणीतरी पासवर्ड देतं. कोण, ते कुणी विचारत नाही.

मी विचारलं, त्या दिवशी कामावरच आलं नाही तर? ते म्हणाले, एकजण नागाओकाला घरी बसला होता, दाराला साखळी लावून. दुसऱ्या दिवशी त्याचे बूट इथल्या खणात होते.

मग म्हणाले, सोडून दे, उसुकी-सान. मी तुझ्यासाठी सांगतोय.

माझ्यासाठी! एक शब्दही मी खरा मानला नाही. सात माणसं नाहीशी झाली आहेत आणि हे भुताची गोष्ट सांगतात. हे चोरीपेक्षाही वाईट काहीतरी आहे.

९ मे, बुधवार

जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. सहा फाइलींमागे पासवर्डची मेल गेलेली आहे. सहा वेगवेगळ्या माणसांकडून. एक काचोंकडून. एक त्सुबोई-सानकडून, ज्यांनी त्याआधी आणि नंतर आयुष्यात मेल पाठवलेली नाही. निवा-सानच्या फाइलीमागे मात्र कुणाचीच नाही. तरी ते गेले.

मी व्यवस्था बदलली. कंपनीचा तो पासवर्ड ज्या मेलमध्ये असेल ती आता थेट नष्ट होईल. कुणालाही सावातारी-सानला तो देता येणार नाही.

अर्थात गिऱ्हाइकांना जाणाऱ्या फाइलींचाही पासवर्ड तोच. म्हणजे कुठलीच फाइल उघडणार नाही, कुठलीच पुढे जाणार नाही. एकच पासवर्ड ठेवू नका, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

१० मे, गुरुवार

आठवणीची पत्रं आली. चौसष्ट जणांना, एकाच क्षणी. वरचेवर त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व. धाडलेल्या फाइलचा पासवर्ड अद्याप मिळालेला नाही. आपल्या सवडीने, पण कृपया लवकर. पाठवणारा: सावातारी.

सावातारी-सान माझ्यासमोर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर.

दहा मिनिटांनी पुन्हा. मग पाच मिनिटांनी. काचोंचं छपाई यंत्र थांबेचना, कागद जमिनीवर पडत होते.

दुपारी माझ्या टेबलावर कुणी जेवायला बसलं नाही. विक्रीतला एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, गाळणीने पाणीच अडवलं आता. गिऱ्हाइकांचे फोन, एकशे बारा फाइली अडकल्या. सगळे मला वाकून नमस्कार करतात, जरा जास्तच वाकून.

सावातारी-सानना वचन दिलं. फाइल माझ्या कप्प्यातून हलणार नाही.

११ मे, शुक्रवार

साडेपाचची घंटा झाली. सावातारी-सान आहेत! खणातून स्वतःचे बूट काढून, घालून, स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर गेल्या. मी जिन्यातून बघितलं. फाटकापाशी त्यांनी वळून मला नमस्कार केला. कितीतरी वेळ वाकलेल्या होत्या.

मी रडले. एक माणूस वाचलं, आणि तेही साध्या नियमाने.

१४ मे, सोमवार

कप्प्यात सावातारी-सानची फाइल नाही. कुणी सोडलेली नाही, पुसलेली नाही. नोंद नाही.

त्या जागी दुसरी आहे.

‘रोजचा अहवाल, उसुकी, १७ मे’.

माझ्याकडून मला. मी पुसली. पडदा ताजा केला. आहे. पुन्हा पुसली. आहे.

काचोंकडे गेले. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, जो अडवतो त्याच्याकडे वळते. मी सांगितलं होतं, कुलूपबंद असेल तिला हात लावू नकोस. मग उठून उभे राहिले आणि मला नमस्कार केला, डोकं टेबलाला लागेपर्यंत.

१५ मे, मंगळवार

एकेकाकडे गेले. सगळ्यांकडे. पॉलिशपासून गोदामापर्यंत, त्रेसष्ट माणसं. माझा पासवर्ड देऊ नका एवढंच म्हटलं. सगळे म्हणाले, छे छे, असं कोण करेल. सगळे हसले. त्सुबोई-सान हसले नाहीत. ते म्हणाले, पोरी, मी एकदा दिलाय. मला विचारू नकोस.

त्रेसष्टांतला कोण?

काचो माझ्याकडे बघत नाहीत. विक्रीतला तो, गाळणी म्हणणारा, तो फार बघतो. मी शिरले की बोलणं थांबतं. फक्त सावातारी-सान पूर्वीसारख्या. चहा आणून दिला. म्हणाल्या, खा काहीतरी.

मेलने कुणालाच देता येणार नाही. मेलची वाट मी बंद केली आहे. फक्त ती उघडू द्यायची नाही.

१६ मे, बुधवार

आठवणीची पत्रं माझ्या नावाने सुटतात. वरचेवर त्रास देत असल्याबद्दल — वाक्यरचना माझी आहे. मी अशीच लिहिते.

काचो म्हणाले, उद्या सकाळी बाहेरचा तंत्रज्ञ बोलावलाय, कंपनी बंद पडायची वेळ आली, पासवर्डवरची बंदी काढावी लागेल. म्हटलं, एक दिवस थांबा. परवा बोलवा. ते म्हणाले, मालकांनी ठरवलंय.

बोटीने निघून जाता येईल. पण मी नसले तर बंदी काढतील. सर्व्हरपाशी मी असायलाच हवं. आईचा फोन आला. प्रमाणपत्राची काच पुसली म्हणाली. मी सगळं ठीक म्हटलं.

१७ मे, गुरुवार

सकाळी ८.५० — सामानाच्या खोलीत. आतून कडी. दाराला नमुन्यांची खोकी लावली आहेत. साडेपाचपर्यंत बसायचं आहे. एवढंच.

११.३० — तंत्रज्ञ आला. दारावर टकटक, फार सभ्य. काचो त्याला म्हणाले, आमच्या मुलीची तब्येत बरी नाही. थोड्या वेळाने गेला. बंदी चालू आहे. तीनशे बारा मेल अडकलेल्या.

१.४० — बसल्या बसल्या फेब्रुवारीतल्या कप्प्याची नोंद काढली. पुढे गेलेल्या मेल मी एप्रिलमध्ये पाहिल्या होत्या. अडवलेल्या कधी पाहिल्याच नव्हत्या. म्हणजे निवा-साननेही एकदा —

१२ फेब्रुवारी. विलगीकरणात. ‘रोजचा अहवाल, सावातारी, १६ फेब्रुवारी’.

त्यांनी तिची अडवली होती. मग १९ ला त्यांच्या नावाची आली.

तिला माहीत होतं. माझं मनगट धरलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं.

२.१५ — निवा-साननेही पासवर्डची मेल बंद केली असणार. म्हणून नोंद नाही. मग त्यांना दिला कसा? कुणी दिला —

३.५० — बाहेर सामसूम. यंत्रंही बंद. सगळे कुठे गेले? की सगळे दारापाशी —

४.३० — सपातांचा आवाज. एकाच माणसाचा. दारापाशी थांबला.

सावातारी-सान. विचारते, कानाए-चान, जेवलीस का?

म्हणते, सकाळी आठवणीच्या पत्रात दोन नावं आली. दुसरं तिचं. म्हणते, आईला रात्रीचा घास मीच भरवते, दुसऱ्या कुणाच्या हाताने तोंड उघडत नाही. म्हणते, निवाही फार चांगला मुलगा होता. रडते आहे. खरंच रडते आहे.

म्हटलं, जा. ओरडून म्हटलं. तिने क्षमा मागितली. खाली वाकल्याचा आवाज आला, कपाळ दाराला लागलं.

४.४० — आता फोनवर गिऱ्हाइकाशी बोलते तो आवाज. नेहमीच आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. मघाशी पाठवलेल्या फाइलचा पासवर्ड पुढीलप्रमाणे —

नाही. ऐकत नाही. कान दाबले तर वही पडते. लिहीत राहिले तर ऐकू येणार नाही. लिहीत राहायचं. माझं नाव कानाए उसुकी. सादो. बाबांची होडी. बाबांची — ती एकेक आकडा सांगते, सावकाश, चुकू नये म्हणून — चार — बाबा, आई, धाकटी — शून्य — आई पेटी उघडते, कल्ले बघते, आई — दोन — सात — फोनचे झाले, आता वर्ष — पडद्यावर काहीतरी हललं, बघायचं नाही — हात माझा ऐकत नाही, तिचंच लिहितो — दोन — सावातारी-सान नको — शून्य — नको ना — एक —